चरबी

आमच्या घरी कुणी पाहुणा आला की मोठी आई आधी त्याचं मनगट धरायची. पाण्याचा तांब्या नंतर, ख्यालीखुशाली त्याच्याही नंतर. अंगठा आणि मधलं बोट यांच्या कड्यात मनगट सहज मावलं तर ती हळहळायची, "वाळला नं बाबू, पार वाळला." मावलं नाही तर तोंडभर हसायची, "चांगलं अंग धरलं." तिच्या लेखी जगात दोनच दुखणी होती, वाळणं आणि न जेवणं, आणि दोन्हींवर औषध एकच होतं. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा लवकर गेले, मी तीन वर्षांची असताना माझी आई गेली, आणि उरलेल्या तिघांचं, म्हणजे माझे वडील नाना, मोठी आई आणि मी, असं एक घर झालं. आमच्याकडे थोरल्या चुलतीला मोठी आईच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण ती खरोखरच मोठी होती. आतल्या दारातून यायची तर जरा तिरपी होऊन, आणि पाटावर बसली की पाट दिसेनासा व्हायचा. शाळेतल्या मैत्रिणींना मी "ही माझी मोठी आई" म्हणाले की त्या पदरात तोंड लपवत. मला तेव्हा त्यात हसण्यासारखं काय ते कळत नसे. ताप आला की तिच्या पोटाला पाठ लावून निजलं म्हणजे बरं वाटतं, एवढंच मला माहीत होतं.

बऱ्हाणपुरात शनवारा वेशीजवळ आमच्या दोन खोल्या आणि मागे पडवी होती. पडवीत चूल. पहाटे तिथून भाकरी थापल्याचा आवाज येई, आणि सणावाराला दराबा फेटल्याचा. हा दराबा आमच्या गावाबाहेर फारसा कुणी करत नाही, म्हणून सांगते: भाजलेला रवा, पिठीसाखर आणि तूप परातीत घेऊन तळहातानं फेटत राहायचं, तो ढगासारखा हलका आणि पांढुरका होईपर्यंत. मोठी आई फेटायला बसली की तिचा दंड हलायचा, बांगड्या नसलेला, गोरा, भरलेला, आणि परातीतून एकसारखा फट्‌फट्‌ आवाज यायचा. त्या आवाजावर नानांचं वर्तमानपत्र चाले. नाना शाळामास्तर, बातम्या मोठ्यानं वाचायची त्यांना सवय. त्या वर्षांत देशात सगळीकडे जोडाजोड चालली होती. संस्थानं येऊन मिळाली, मग प्रांतांची वाटणी नव्यानं करायची ठरली, आणि आमचं बऱ्हाणपूर कुठल्या पारड्यात पडणार यावर नाना रोज नवं मत देत. बोलायचं मराठी, बाजारात हिंदी, राजधानी नागपूर, आणि आता म्हणे नागपूर एका राज्यात जाणार आणि आपण दुसऱ्यात. "म्हणजे विमल परमुलखात शिकेल की काय?" असं ते मला उद्देशून विचारत, जशी काही ती वाटणी माझ्याच हातात होती. मोठी आई म्हणायची, "कोन्त्याबी राज्यात जाओ, पोरगी जेवली पाहिजे."

कारण तोवर मी नागपूरला डॉक्टरी शिकायला गेले होते. भुसावळला गाडी बदलायची, टिनाची पेटी, लाडवांचा डबा, आणि वसतिगृहात पोचल्यावर तो डबा लपवायचा. पहिल्याच महिन्यात आम्हाला शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये नेलं. त्या हॉलबद्दल लोक मला अजून विचारतात, भीती नाही का वाटली म्हणून. भीती दोन दिवस वाटते. तिसऱ्या दिवशी वास अंगात मुरतो आणि मग जे येतं ते भीतीपेक्षा वाईट असतं, असं मी आज म्हणेन. तेव्हा मी त्याला हुशारी म्हणायची. एका टेबलावर आम्ही सहा जण. बेवारशी देह बहुतेक उपासमारीनं वाळलेले, आणि आम्हाला तेच आवडत. कातडी उचलली की लगेच स्नायू, नसा, शिरा, सगळं पुस्तकातल्या चित्रासारखं. असा देह ज्यांना मिळे त्यांना आम्ही नशीबवान म्हणायचो. आमच्या वाट्याला चार नंबरच्या टेबलावर एक लठ्ठ बाई आली. पन्नाशीची असावी. कातडीखाली चार बोटं पिवळी चरबी, दाणेदार, हाताला लागली की सुटता सुटत नाही. तीत एक बारीकशी नस शोधायला इतर टेबलांना दहा मिनिटं लागत, आम्हाला अख्खी दुपार. चिमटा घसरायचा, सुरी बुळबुळायची, आणि शेजारच्या टेबलावरची मुलं आमच्याकडे बघून च्‌ च्‌ करायची. हॉलमध्ये 'स्वच्छ' आणि 'घाण' असे दोन शब्द होते. वाळलेला देह स्वच्छ, भरलेला देह घाण. कुणी शिकवले नव्हते, पण महिन्याभरात सगळ्यांच्या तोंडी बसले.

तिला नाव मी ठेवलं. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. एकदा माझ्या हातातून चिमटा तिसऱ्यांदा निसटला आणि मी म्हणाले, "शेठाणी, जरा कमी खाल्लं असतंत तर आमचं काय बिघडलं असतं?" सगळं टेबल हसलं. मग ती शेठाणीच झाली. "शेठाणीचा हात झाला का?" "शेठाणी आज फार लोण्यात आहेत." माझी खोलीतली सोबतीण कुमुद त्याच टेबलावर होती, तिला सुरुवातीला ते आवडलं नाही, पण मग तीही हसू लागली. काढलेली चरबी आम्ही टेबलाखालच्या बादलीत टाकायचो. आम्हाला शिकवायला असलेले एक वयस्क सर एकदा त्या बादलीपाशी थांबले आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "हिला कुणीतरी जेवू घालत होतं. मग ही इथं कशी आली?" आम्ही पुन्हा नस शोधू लागलो. आज ऐंशीच्या घरात असताना मला त्या हॉलमधली एकही नस नीट आठवत नाही, पण हा प्रश्न आठवतो.

संध्याकाळी वसतिगृहात आम्ही मुली शिकेकाईनं हात धुवायचो आणि तरी नखांत पिवळं राहायचं. जेवताना वरणावर तूप आलं की आम्ही एकमेकींकडे बघायचो. आधी कुमुदनं तूप सोडलं, मग मी. मग आरशासमोर उभं राहून दंडाची कातडी चिमटीत धरून बघायचं वेड लागलं. किती बोटं? एक? दीड? मी माझ्या अंगाकडे बघताना सुरी कुठून चालवावी लागेल ते दिसायचं. रस्त्यानं कुणी जाडी बाई चालली की मी मनातल्या मनात तिच्या नसा शोधण्यात किती दुपारी जातील ते ठरवायची, आणि मग त्या बाईचा राग यायचा. हो, रागच. त्या बाईनं मुद्दाम माझं काम वाढवून ठेवलंय असा. मी वाळत गेले आणि त्याचा मला गर्व वाटू लागला. अभ्यासात मन लागायचं, पण एका जागी बसवेना. रात्री अंथरुणात बरगड्या मोजल्या की मगच झोप यायची.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीला मी घरी आले तेव्हा मोठ्या आईनं दारातच माझं मनगट धरलं. कडं नुसतं मावलं नाही, आत आणखी एक बोट गेलं. ती आत जाऊन परात घेऊन आली. दराबा दोन दिवस आधीच फेटून ठेवला होता. मी त्या पांढुरक्या, मऊ गोळ्याकडे पाहिलं आणि मला बादली दिसली.

"मला नको," मी म्हणाले.

"वाईच घे नं. तुझ्यासाठी केला."

"सांगितलं ना नको. आणि तूही खात जाऊ नकोस. काय शरीर करून ठेवलंयस!"

ती हातात परात घेऊन उभी राहिली. नाना वर्तमानपत्रातून वर बघत म्हणाले, "विमल, नागपूरची चरबी चढली हं तुला." मराठीत चरबी चढणं म्हणजे काय ते सांगायला नको. मला तो शब्दांचा खेळ झोंबला, आणि झोंबला म्हणून मी आणखी चढले. चार दिवस मी चमच्यानं जेवले, कारण हातांना वास येतो असं मला वाटे, आणि घरात चमच्यानं जेवणारी मी पहिलीच. मोठी आई त्या चमच्याकडे बघत बसायची.

पाचव्या दिवशी, मी पडवीत पुस्तक उघडून बसले असताना, ती समोर पाटावर येऊन बसली. पदर चाळवत राहिली. मग म्हणाली, "विमले, तू डागदरीन झाली नं. एक पुसू?"

"अजून कुठे झाले. बोल."

"पोटात जड जड लागते. बसली की वर येते. जेवन जात नाही पहिल्यासारखं. तरी पोट वाढूनच राहिलं."

मी पुस्तकातून वर पाहिलं. हे मी शपथेवर सांगते, मी फक्त पाहिलं. वर्षभर मी रोज चार तास एका परक्या बाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालत होते, आणि जिच्या पोटाला टेकून मी लहानाची मोठी झाले, तिच्या पोटाला मी बोटसुद्धा लावलं नाही. "चरबी आहे," मी म्हणाले. "दुसरं काही नाही. खाणं कमी कर. तूप बंद, गोड बंद, रात्रीची भाकरी बंद."

"चरबीच हाये नं? दुसरं नाही?"

"मी रोज बघते चरबी. मला नको शिकवूस."

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला पुरावा हवा होता. शेजारी एका व्यापाऱ्याची कापसाची वखार होती, आणि वखारीत मोठा काटा टांगलेला होता, दोन्हीकडे साखळ्यांना लाकडी पाटाची पारडी. तिथले मापाडी कासम मामू, दाढी मेंदीनं लाल, गल्लीतल्या सगळ्यांचे मामू. ते मोजायला लागले की पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणत नसत. 'बरकत' म्हणायचे, मग 'दो', मग 'तीन'. पहिलं माप नुसतं मोजायचं नसतं, त्याला दुवा द्यायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. मी मोठ्या आईला त्या काट्यावर बसवलं. ती लाजून अर्धी झाली होती. मामूंनी समोरच्या पारड्यात वजनं ठेवली आणि काटा सरळ झाल्यावर आकडा माझ्या कानात सांगितला, बाईमाणसाचं वजन म्हणून. मी तो मोठ्यानं म्हटला. दोन मण सहा शेर. वखारीतले हमाल हसले. "सहा महिन्यांनी पुन्हा बघू," मी तिला म्हणाले, अगदी डॉक्टरीण होऊन.

आणि ती माझं ऐकू लागली, हेच मला सोसत नाही. बाईनं जन्मभर कुणाचं ऐकलं नव्हतं. नवरा गेल्यावर दिरानं, म्हणजे नानांनीच, दुसरीकडे राहायची सोय सुचवली तेव्हा तिनं चुलीपुढून उठायलाच नकार दिला होता. तापीकाठच्या केळीच्या मळ्यावर एकटी बैलगाडीनं जाऊन मजुरांशी भांडायची. पण मी सांगितलं म्हणून तिनं तूप सोडलं. नानांची पत्रं यायची: "वहिनी हल्ली एकवेळच जेवतात. तुझ्या औषधानं उतरल्या आहेत. तोंड लहान झालं आहे." मी ते पत्र कुमुदला वाचून दाखवलं. "बघ," मी म्हणाले, "नुसत्या सांगण्यानं." त्याच पत्रात पुढे लिहिलेलं होतं की वहिनींनी नवस बोलला आहे, तू पहिली मोठी परीक्षा पास झालीस की तुझी गूळतुला करायची. लहान मूल जगलं, कुणी आजारातून उठलं की आमच्याकडे देवापुढे त्याच्या वजनाइतका गूळ तोलतात आणि वाटतात. परीक्षेसाठी तुला करणारी मोठी आईच असावी. मला ते वाचून लाज वाटली. मी शरीराला हिणवत होते आणि ती त्याच शरीराच्या वजनाचा गूळ देवाला बोलून बसली होती.

पास झाले. वैशाखात घरी आले. बऱ्हाणपूरचा उन्हाळा, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, रात्री सगळी गच्चीवर, आणि गच्चीवरून उत्तरेला असीरगडाचा काळा डोंगर. मोठ्या आईला पाहिलं आणि मला आनंद झाला. होय, आनंद. गाल बसले होते, गळ्याची हाडं दिसत होती, दंडाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. "चांगली उतरलीस," मी म्हणाले. ती ओशाळं हसली. तिनं माझं मनगट धरलं नाही, हे माझ्या लक्षात आलं, पण कारण लक्षात आलं नाही. तिच्या बोटांत धरायचं बळ राहिलं नव्हतं.

तुलेचा दिवस. सकाळी ऊन चढायच्या आत कासम मामूंनी वखारीतला काटा धुऊन पुसून ठेवला, साखळ्यांना झेंडूच्या माळा बांधल्या. गल्लीतल्या बायका जमल्या, नाना नवं धोतर नेसले. मला पारड्यात बसवलं तेव्हा मोठी आई जवळ आली आणि माझ्या मांडीवर, पदराआड, दोन्ही हातांनी हळूच काहीतरी ठेवलं. गार आणि जड. पाट्यावरचा वरवंटा. "गप बैस," ती पुटपुटली. "लोक म्हनतील पोरीले उपाशी ठेवली." मामूंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. गुळाची पहिली ढेप समोरच्या पारड्यात ठेवून त्यांनी "बरकत" म्हटलं. वरवंट्यासकट मी एक मण सात शेर भरले. बायकांनी अक्षता टाकल्या. मग हसणंखिदळणं सुरू झालं आणि कुणीतरी म्हणालं, आता मोठ्या आईलाही बसवा, पोरगी डॉक्टर झाली, बघू दे तिच्या औषधाचा गुण. मीच सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. ती नको नको म्हणत असताना तिला पारड्यात बसवलं.

मामूंनी वजनं चढवली. दीड मण. काटा हलला नाही. आणखी दहा शेर. आणखी. मी डोळे बारीक करून बघत होते. दोन मणांवर चार शेर घातले तेव्हा काटा सरळ झाला. बायकांना वाटलं मामूंचं चुकलं, त्या हसल्या. मामूंनी पुन्हा तोललं. दोन मण चार शेर. सहा महिने एकवेळ जेवून, चेहरा, दंड, पाठ सगळं गमावून, दोन शेर उतरले होते फक्त. मला लोकांचा आवाज ऐकू येईना. मी तिच्याकडे बघत होते, आणि पहिल्यांदा मला टेबलावर शिकवलेलं काहीतरी खरोखर कामाला आलं. दंडावरची चरबी गेली. मांडीवरची गेली. गळ्यावरची गेली. मग हे वजन आहे कुठे? पारड्याच्या साखळ्यांमध्ये ती वाळलेली, सुरकुतलेली बाई बसली होती आणि तिच्या पदराखाली ते पोट होतं, ताणलेलं, गोल, दिवाळीत होतं त्यापेक्षा मोठं.

मी तिला घरी नेलं, पडवीत निजवलं आणि हात लावला. सहा महिने उशिरा. चरबी हाताखाली कशी लागते ते मला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. कडक होतं, गुळगुळीत होतं, त्याला कडा होत्या. "दुखते?" मी विचारलं. "नाही वं. तुझा हात बरा लागते," ती म्हणाली.

आठवड्याभरात आम्ही तिला नागपूरला आणलं, माझ्याच कॉलेजच्या रुग्णालयात. नाना गाडीत सगळा वेळ उभेच होते, बसायला जागा असून. मोठे सर्जन दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीला आले, मागे आम्ही वीसेक विद्यार्थी, पांढऱ्या कोटात, आणि मीही त्यांच्यात. ही माझी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पोट तपासलं, आम्हाला दाखवलं, अंडाशयाची गाठ आहे, पाण्यानं भरलेली, इतकी वाढेपर्यंत कुणाच्या लक्षात कशी येत नाही बघा. मग तिला विचारलं, "बाई, आधी कुणाला दाखवलं होतं का?"

मोठ्या आईनं माझ्याकडे पाहिलं. फार नाही, डोळ्याची पापणी लवेल तेवढंच. मग सर्जनांकडे वळून म्हणाली, "कोनाले नाही साहेब. मी अडानी बाई. मले वाटलं चरबी हाये."

"ऐकलंत?" सर्जन आम्हाला म्हणाले. "आपल्या बायांचं हे असं असतं. अडाणीपणा." कुमुदनं माझ्या बाहीला हात लावला. सगळ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मीही लिहिलं. काय लिहिलं ते आठवत नाही, पण पेन चाललं. तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होते, मला दाखवलं होतं, आणि मी बोलले नाही. फेरी पुढच्या खाटेकडे गेली आणि मी तिच्याबरोबर गेले.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. गाठ वाईट जातीची नव्हती. काढल्यावर ती तोलली, चौदा शेर भरली, आणि बरणीत घालून ती आम्हाला शिकवायला ठेवली. पुढची दोन वर्षं त्या कपाटासमोरून जाताना मी दुसरीकडे बघायची. मोठी आई वाचली. सगळे म्हणाले देव पावला, पोरगी डॉक्टर म्हणून वेळेवर लक्षात आलं. नाना तर भेटेल त्याला सांगायचे, विमलनं काट्यावर ओळखलं. ते ऐकलं की मला घरात थांबवेना. मी तापीच्या घाटावर जाऊन बसायची, उठायची, परत यायची. मोठी आई आता आतल्या दारातून सरळ यायची, तिरपी न होता, आणि मला तीच गोष्ट बघवत नव्हती. जी बारीक व्हावी म्हणून मी तिच्यावर ओरडले ती बारीक झाली होती. निजताना तिच्या पोटाला पाठ लावायची इच्छा व्हायची आणि मी उशी घ्यायची. वसतिगृहात परतल्यावर मी शेठाणी हा शब्द टाकला. कुणी नव्या मुलांनी दुसऱ्या कुणाला तसं नाव ठेवलं की मी भांडायची, इतकी की माझ्या वाऱ्याला कुणी उभं राहीना. पण हे सोपं होतं. खरं बोलणं बाकीच होतं.

ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर असताना मीही एक नवस बोलले होते, ही वाचली तर हिची गूळतुला करीन म्हणून, नवसांना हसणारी मी. पुढच्या दिवाळीला तो फेडायचा ठरवला. तोवर नागपूर दुसऱ्या राज्यात गेलंसुद्धा होतं. नाना भुसावळला मला घ्यायला आले तेव्हा "परराज्यातून आलीस" म्हणून हसले. कासम मामूंनी पुन्हा काटा पुसला, पुन्हा झेंडू. त्याच बायका, तीच वखार. मोठी आई पारड्यात बसली, मांडी घालून, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाट दिसत होता.

मामूंनी पहिली ढेप ठेवली. "बरकत." दुसरी ठेवली. "दो." तिसऱ्या ढेपेला मोठ्या आईचं पारडं वर उचललं गेलं, अगदी पटकन. मी पुढे झाले आणि तिच्या पारड्याच्या काठावर हात ठेवून खाली दाबला. बायकांच्या बाजूनं दिसत नव्हतं. मामूंना दिसलं, ते गुळाकडे बघू लागले.

"हात काढ, विमले," मोठी आई हळूच म्हणाली.

"राहू दे."

"देवाच्या कामात खोटं करत असते काय?"

"तू वरवंटा ठेवला होतास."

"मी ठेवला. तू खोटं नको करू."

ती साधंच बोलली होती, पारड्याबद्दल. पण मी हात काढला आणि तिथेच, नानांसमोर, बायकांसमोर, त्या वखारीच्या मधोमध म्हणाले, "दवाखान्यात साहेबांनी विचारलं, आधी कुणाला दाखवलं होतं. हिनं मला दाखवलं होतं. मीच सांगितलं, चरबी आहे म्हणून. हातसुद्धा लावला नाही. ही अडाणी नव्हती, मी होते. आणि तिथं उभी राहून मी गप्प बसले."

नाना खाली बघत होते. गेल्या दिवाळीत चरबी हा शब्द त्यांच्याही तोंडून निघाला होता, तो त्यांना आठवला असेल. काटा अजून हेलकावे खात होता.

"मले माहीत नाही काय?" मोठी आई म्हणाली. "माझ्यासमोरच तर झालं सगळं." तिनं पारड्यातून हात बाहेर काढला, माझं मनगट धरलं, अंगठा आणि मधलं बोट जुळवून पाहिलं. आता तिच्या बोटांत धरायचं बळ होतं. "वाळली," ती म्हणाली. मग मामूंकडे वळून, "मामू, हिनं हात लावला होता. ते सारं काढा. पयल्यापासून तोला."

मामूंनी तिन्ही ढेपा उतरवल्या. काटा थांबेपर्यंत वाट पाहिली. मग पहिली ढेप पुन्हा उचलून रिकाम्या पारड्यात ठेवली आणि म्हणाले, "बरकत."